झाकणावरची रेघ

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास धुळ्याहून फोन आला तेव्हा जीवन सपकाळे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका डाळ मिलच्या मीटरपेटीसमोर उकिडवा बसून सीलची तार बघत होता. तार एका ठिकाणी किंचित वाकलेली होती. उघडून पुन्हा बसवलेली तार अशी वाकते आणि उंदीर गेल्यानेही अशीच वाकते. वीज कंपनीच्या तपासणी पथकात बारा वर्षं काढूनही हे दोन वाक त्याला दर वेळी वेगळे ओळखता येत नसत, पण तसं तो कुणाला सांगत नसे. मिलचा मालक मागे उभा राहून चहा मागवू का, असं तिसऱ्यांदा विचारत होता. ज्याच्याकडे लपवायला काही नसतं तो एकदाच विचारतो, असा जीवनचा अनुभव. फोनवरचा नंबर अनोळखी होता. "सम्यका सपकाळेचे पप्पा ना? मी डिंपल मॅडम, तिच्या वर्गाची. शनिवारी बारा वाजता याल का शाळेत?" त्याने विचारलं, तिला लागलंय का काही? नाही. ताप? नाही, तसं काही नाही, समोरासमोर बोलू. "मग तिच्या आईला बोलवा ना. त्या तिथेच असतात." मग मॅडम म्हणाल्या, "त्या येऊन गेल्या, मागच्या मंगळवारी. म्हणूनच आता तुम्हाला बोलावतेय."

त्याने सीलचा क्रमांक दोनदा चुकीचा लिहिला. मागच्या मंगळवारी. म्हणजे त्याला नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत रोज संध्याकाळी सात वाजता तो धुळ्याला व्हिडिओ कॉल लावत होता, शनिवार-रविवार स्वतः तिथे राहून आला होता, आणि प्रज्ञाने शाळेचं नाव काढलं नव्हतं. तिने त्याला गिरणीवाल्याचं नवं दुकान सांगितलं होतं, घरमालकीण ताईबाईंचा गुडघा सांगितला होता, कांद्यावरचा करपा सांगितला होता. जे सांगितलं जातं त्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला जे रिकामं ठेवलं जातं तिकडे बघायची त्याला सवय होती. प्रज्ञा कृषी सहायक होती, तीन वर्षांपासून धुळे तालुक्यात. कुसुंबा आणि आसपासची चार गावं तिच्याकडे. मुलगी तिच्यापाशी, देवपुरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. तो जळगावात. दोघांपैकी एकाची बदली व्हावी म्हणून अर्ज करून झाले होते, आणि या वेळी प्रज्ञाचं नाव यादीत असल्याचं तिच्या कचेरीतल्या भूषणने सांगितलं होतं. भूषण पर्यवेक्षक होता. बातमी चांगली होती, पण ती भूषणने सांगितली होती, आणि प्रज्ञाने ती सांगताना 'भूषण सर' न म्हणता नुसतं 'भूषण' म्हटलं होतं.

खरं तर शनिवारी तो भूषणबद्दलच बोलणार होता. तीन महिने त्याने वाट पाहिली होती. त्याच्याकडे पुरावा होता आणि तो पुरावा आकड्यांचा होता. प्रज्ञाची स्कूटी जुनी, काट्याच्या मीटरची. किती किलोमीटर झाले ते दाखवणारे पाच आकडे काचेखाली गोल फिरत. वर्षभरापूर्वी सम्यका अंक शिकत होती तेव्हा त्यानेच हा खेळ काढला होता. सात वाजता ती आईचा फोन घेऊन जिन्याखाली उतरायची आणि स्कूटीवरचे आकडे त्याला वाचून दाखवायची. तिला ते फार आवडे. फोन ती स्वतःच्या तोंडासमोर धरायची, त्यामुळे त्याला पडद्यावर तिची हनुवटी आणि पडलेला दात दिसायचा. आकडे फक्त ऐकू यायचे. "एक. सहा. दोन. एक. सात. बरोबर?" बरोबर, शाबास. मग तो खिशातल्या डायरीच्या मागच्या पानावर ते टिपून ठेवायचा. स्वैपाकघरातून प्रज्ञाचा आवाज यायचा, झाला का अभ्यास पप्पांचा? दिवाळीनंतर त्या आकड्यांनी त्याची झोप उडवली होती. गाडी दिवसाला दहा किलोमीटर चालत होती. फक्त दहा. कुसुंब्याला जाऊन-येऊन छत्तीस होतात. मग ही जाते कशाने? कुणाच्या गाडीवर मागे बसून? सव्वीस जानेवारीला झेंडावंदन करून ती घरीच होती असं म्हणाली, त्या दिवशीही दहा. त्या दहांनी त्याला आठवडाभर पोखरलं होतं.

स्वतः मीटर बघणं मात्र त्याने सोडलं होतं, आणि याचं त्याला मनातून कौतुक होतं. दिवाळीच्या नंतरच्या रविवारी प्रज्ञाने त्याला जिन्याखाली, मोबाईलचा उजेड पाडून स्कूटीवर वाकलेला पकडलं होतं. ती ओरडली नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "काय निघालं मग? चोरी आहे का?" तो म्हणाला, "मी काही म्हणालो का?" हे त्याचं नेहमीचं वाक्य होतं. त्याला आवाज चढवायची गरज पडत नसे. तो प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचा, थोडा वेळ गप्प बसायचा आणि मग म्हणायचा, बरं, मी काही म्हणालो का? त्या रात्री प्रज्ञा रडली, भिंतीकडे तोंड करून, आणि दोघांच्या मध्ये सम्यका इतकी निश्चल पडून होती की ती जागी आहे हे त्याला कळलं. सकाळी त्याने शब्द दिला. पुन्हा त्या मीटरला डोळा लावणार नाही. तेरा आठवडे त्याने तो पाळला होता. पोरीचा अंकांचा अभ्यास ही वेगळी गोष्ट होती.

शनिवारची सकाळची बस पाळधीपर्यंत भरलेली होती आणि एरंडोलला निम्मी रिकामी झाली. खिडकीबाहेर कापूस उपटलेली रानं, कडेला पऱ्हाट्यांचे ढीग. तो हिशेबाने बोलायचं ठरवत होता. आधी शाळा, की आधी भूषण? शाळेचं विचारलं तर ती सावध होईल. आणि शाळेत नक्की काय झालं असेल? साडेपाच वर्षांची मुलगी, मोठ्या शिशुगटातली. मुलं शाळेत काय करतात? जे पाहिलं ते करतात. काय पाहिलं असेल तिने, जे तो धुळ्यात नसताना तिच्यासमोर घडतं? हा विचार आला तेव्हा त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला तपासात धागा सापडल्यासारखं बरं वाटलं. पोरांना सगळं ठाऊक असतं. तो स्वतः बोदवडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढला होता आणि त्याच्या बापाला, देवचंदला, हे चांगलं माहीत होतं. देवचंद पॉइंट्समन होता. ड्यूटीवरून आला की चप्पल काढायच्या आधी स्टोव्हवर तळवा ठेवायचा, गरम आहे का बघायचा. मग मोरीतले कप बघायचा. एक कप की दोन? आई, लिलाबाई, पदराने हात पुसत उंबऱ्यात उभी. ती कधी काही सांगायची नाही, कारण तिला कधी काही विचारलं जायचंच नाही. विचारलं जायचं जीवनला. बाप त्याला अंगणातल्या बाजेवर घेऊन बसायचा, डोक्यावरून हात फिरवायचा आणि हळू विचारायचा, "कोन आलं व्हतं रे आज?" तो हात जड आणि डिझेलच्या वासाचा होता, आणि एरवी तो डोक्यावर कधीच नसायचा.

एकदा मामा येऊन गेला होता. मामाशी बापाचं वाकडं होतं. आईने जीवनला काही बजावलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "कोनी नाई." बापाने अंगणाच्या कडेचं विडीचं थोटूक उचललं, बोटांत फिरवून बघितलं आणि खाली टाकलं. मारलं कुणालाच नाही. त्या दिवसापासून त्याने जीवनला विचारणं बंद केलं, एवढंच. बाजेवर बोलावणं बंद, हात बंद. महिनाभर जीवन बापाच्या आजूबाजूला घोटाळत राहिला आणि मग न विचारता सांगायला लागला: आज आई शेजारी गेली होती. आज पोस्टमन दोनदा थांबला. पोस्टमन एकदाच थांबला होता. शाळेतसुद्धा त्याला सगळ्यांची खबर असायची, कुणी कुणाची पेन्सिल घेतली, कुणी शेतातून चिंचा आणल्या. गुरुजींना ते आवडायचं. मधल्या सुट्टीत तो नळापाशी गेला की पोरं बोलायची थांबायची. त्याला वाटायचं, म्हणजे यांच्यात काहीतरी शिजतंय. पारोळ्याला बस दहा मिनिटं थांबली. समोरच्या बाकावरच्या नवराबायकोने एकाच पुडीतले शेंगदाणे खाल्ले आणि एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. त्याने त्यांच्याकडे पारोळा ते धुळे बघितलं आणि काही निष्कर्ष काढता आला नाही.

शाळेत लहान खुर्च्यांखेरीज बसायला काही नव्हतं. गुडघे छातीपाशी घेऊन तो बसला. डिंपल मॅडम त्याला वाटल्या होत्या त्यापेक्षा तरुण निघाल्या, पंचविशीच्या, बोटांना खडूऐवजी रंग लागलेला. त्यांनी टेबलावर एक स्टीलचा छोटा डबा ठेवला. "हा रोशनीचा. सम्यकाच्या शेजारी बसते ती." डब्याच्या झाकणावरून खाली डब्याच्या अंगावर उतरलेली एक लाल रेघ होती. एक नव्हे. जुन्या, घासून फिकट झालेल्या कितीतरी, आणि वर एक ताजी. "सम्यका रोज सकाळी मारते. मधल्या सुट्टीत झाकणावरची आणि डब्यावरची रेघ जुळली पाहिजे. जुळली नाही, म्हणजे रोशनीने मधे डबा उघडून दुसऱ्या कुणाला तरी काही दिलं." त्यांनी ताज्या रेघेवर बोट घासून दाखवलं. "मार्कर साधा नाहीये. पुसला जात नाही." तो मार्कर त्याचा होता. जप्त केलेल्या मीटरच्या पिशवीवर लिहायचा. दिवाळीत हरवला होता आणि त्याला संशय होता तो कचेरीतल्या शिपायाचा.

"आणि रेघ नाही जुळली तर?" त्याने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तेच. ती मारत नाही, ढकलत नाही. तसं केलं असतं तर सोपं होतं, अशी मुलं वर्गात चार आहेत. ही नुसती विचारते. कुठे होतीस, कुणाशी बोललीस. मग गप्प बसते, एकेकदा दोन-दोन दिवस. रोशनी रडून म्हणते, बोल ना गं. तर ही म्हणते, मी काही म्हणाले का?" वर्गाच्या भिंतीवर हत्ती होता, त्याच्या सोंडेला कुणीतरी कापूस चिकटवला होता. जीवन त्या कापसाकडे बघत राहिला. मॅडम सांगत होत्या की आधी चार-पाच जणी हिच्याशी खेळायच्या, आता एकटी रोशनी उरलीय. घर-घर खेळताना सम्यका कधी आई होत नाही, पप्पा होते. रोशनीला आई व्हावं लागतं. पप्पा कुठे जात नाहीत, स्वैपाक मागत नाहीत, ऑफिसलाही जात नाहीत. आईला म्हणतात, आकडा सांग. "रोशनी घाबरून काहीही आकडा सांगते, त्या बिचारीला वीसच्या पुढे येत नाही. परवा सकाळी ती शाळेच्या फाटकातून आत यायलाच तयार होईना. तिचे वडील पोलिसात आहेत, विक्रम पावरा. ते म्हणाले, तुकडी बदला. मी सोमवारपर्यंत थांबा म्हटलंय. रोशनी गेली तर सम्यकाच्या शेजारी बसायला कुणी तयार नाही, सर. मी विचारून बघितलं. पाच वर्षांची मुलं तोंडावर नाही म्हणतात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "घरी असं काही... म्हणजे हे ती कुठे बघते?"

उत्तर चार शब्दांचं होतं. हे माझं आहे, मॅडम. ते त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं, असं त्याला नंतर वाटत राहिलं; पण नंतर माणूस स्वतःविषयी बरंच काही म्हणतो. त्या क्षणी तो म्हणाला, "घरी मी नसतोच. मी जळगावला." हे खरं होतं. "मोबाईलवर काय काय बघतात मुलं." हेही खरं असू शकलं असतं. आणि मग, डबा पुढे-मागे सरकवत, त्याने विचारलं, "तिची आई आली होती ना मंगळवारी, ती एकटीच आली होती?" मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. फार वेळ नाही, मीटरपेटी उघडल्यावर तो जितका वेळ बघतो तितकाच. "हो, एकट्याच. का बरं?" "सहज विचारलं." मॅडमनी डबा ओढून स्वतःपाशी घेतला.

सम्यका फाटकाजवळ दप्तर पाठीला लावून उभी होती. ती धावत आली नाही, तो जवळ येईपर्यंत थांबली आणि मग हात वर केला. रस्त्याने ती फरशीच्या रेषांवर पाय न देता चालत होती. "मॅडम काय म्हणाल्या?" तो म्हणाला, काही नाही, तू हुशार आहेस म्हणाल्या. तिने मान वर करून त्याचा चेहरा पाहिला. "अजून काय म्हणाल्या?" घराच्या ओट्यावर ताईबाई गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. "उनात का जीवनभाऊ?" त्याला आलेलं बघून त्या म्हणाल्या. "तुमनी पोर भलती हुशार शे हो. बठ्ठं ध्यानमा ठेवस. मन्ही तेलनी बाटलीवर बी रेघ मारी गयी. म्हने, आजी, आते समजी तेल कोन चोरस." त्या हसल्या. "घरमा मी एकलीच शे. मनं तेल मीच चोरसू का?" सम्यका हसली नाही. तिने जाता जाता बाटलीकडे बघून घेतलं.

जिन्याखाली स्कूटी उभी होती. प्रज्ञा वर होती, भांड्यांचा आवाज येत होता. आपण दिलेला शब्द त्याला आठवला आणि त्यातली पळवाटही लगेच दिसली. "चल, आज आपण दोघं मिळून आकडे वाचू," तो म्हणाला. सम्यकाने चटकन पुढे होऊन मीटरच्या काचेवर तळवा ठेवला. "मी सांगते ना, पप्पा. रोज मीच सांगते. एक. सहा. आठ. सात. सात." तळवा लहान होता. कडेने शेवटचे दोन आकडे दिसत होते आणि त्यांत सात नव्हता. त्याने तिचा हात हळूच बाजूला केला. अठरा हजार दोनशे चार.

पहिल्यांदा त्याला वाटलं ते हे, की प्रज्ञाने पोरीला शिकवलं. शिकवून ठेवलं, काय सांगायचं ते. या विचाराने त्याचे कान गरम झाले, आणि त्याच गरम कानांनी तो पायरीवर बसला, डायरी काढली, मागचं पान उघडलं. दोनशे सतरा. दोनशे सत्तावीस. दोनशे सदतीस. सोळा हजार दोनशे सतरानंतर काल संध्याकाळच्या आठशे सदुसष्टपर्यंत पासष्ट नोंदी, आणि प्रत्येकीच्या शेवटी सात. त्यांच्या खात्यात याला 'घरचं रीडिंग' म्हणत. मीटर वाचणारा माणूस उन्हात न जाता घरी बसून आकडे टाकतो, आणि घरी बसून टाकणारा कितीही हुशार असला तरी त्याचा हात एका चालीने चालतो. गोल वाढ, तोच शेवटचा आकडा. जीवनने अशा सात जणांना पकडलं होतं. नव्याने आलेल्या पोरांना तो शिकवायचा: आकडा मोठा की छोटा ते बघू नका, शेवटचं घर बघा, खरं मीटर कधी एकाच आकड्यावर थांबत नाही. दशकाचं घर एकाने वाढवलं की दहा होतात, नऊनंतर शेजारच्या घरात एक द्यायचा, हे त्याने तिला काड्यापेटीच्या काड्या मांडून दिवाळीच्या सुट्टीतच शिकवलं होतं. त्यानंतरच्या रविवारी प्रज्ञा रडली. सोमवारपासून सात. आकडे फार पळाले की घरात काय होतं ते तिने पाहिलं होतं. तिने ते पळू दिले नाहीत. आणि त्या तिच्या दहा-दहा किलोमीटरवर त्याने भूषण उभा केला होता. त्याला मोटारसायकल दिली होती, तिच्या मागे प्रज्ञाला बसवलं होतं, कुसुंब्याच्या रस्त्याला लावलं होतं. त्याने मीटरवरच्या आकड्यातून शेवटचा खरा आकडा, सोळा हजार दोनशे सतरा, वजा केला. तेरा आठवड्यांत एक हजार नऊशे सत्त्याऐंशी. आठवड्याला दीडशेच्या वर थोडे. नोकरीला लागतात तेवढेच. आणि लगेच, पापणी लवायच्या आत, त्याच्या डोक्यात ते आलंच: अगदी तेवढेच? इतके बरोबर?

"आईने सांगितलं का तुला असं सांगायला?" सम्यका त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, भुवया आणि तोंड यांच्या मधे कुठेतरी, हवामान बघतात तसं. "हो," ती म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं असावं. "नाही," ती म्हणाली. त्याने थांबायला हवं होतं, आणि थांबायला हवं हे त्याला कळतही होतं. "भूषणकाका येतात का गं घरी?" "हो." "कधी येतात?" ती जरा जवळ सरकली. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "कधी सांगू?" त्याचा हात आपोआप तिच्या डोक्याकडे गेला, आणि निम्म्या वाटेत त्याला तो कुणाचा हात आहे ते कळलं. तो तसाच अधांतरी राहिला. पोरीने स्वतःच डोकं थोडं पुढे करून ते त्याच्याखाली आणलं.

संध्याकाळी प्रज्ञाने भरताची वांगी भाजायला ठेवली. तिच्या पाठीकडे बघत तो स्वैपाकघराच्या दारात उभा राहिला. फ्रिजच्या दारावर, पिठाच्या डब्यावर, खिडकीच्या कडीवर बारीक लाल रेघा होत्या. गेल्या शनिवारीही असणार, त्याला दिसल्या नव्हत्या. "तू शाळेत गेली होतीस," तो म्हणाला, "सांगितलं नाहीस." तिने वांगं उलटवलं. "सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, किती वाजता गेलीस. मॅडमनी मला विचारलं, हे ती कुठून शिकली. मी म्हटलं, तिच्या पप्पांना बोलवा, ते सांगतील." तिने गॅस बारीक केला. "सांगितलंत?" वांग्याची साल फुटून पाणी ज्योतीवर पडलं. "माझी बदली होतेय," ती म्हणाली, "एप्रिलमध्ये एकत्र राहायचं आपण. एका घरात, रोज. मला आधी फार आनंद झाला होता." 'आधी' वर तिने जोर दिला नव्हता. तरी तो त्या शब्दाभोवती रात्रभर फिरत राहिला. आधी म्हणजे केव्हापर्यंत? आधी आणि आता यांच्या मधे कोण?

रविवारी त्याने डिंपल मॅडमना मेसेज लिहिला. नमस्कार, काल विचारलंत त्याबद्दल. एवढंच लिहून तो बराच वेळ बघत बसला, मग पुसून टाकला. सोमवारी सकाळी सरळ फोन करावा हे जास्त बरं, असं त्याने ठरवलं. सोमवारी पहाटे प्रज्ञाने कळण्याची भाकरी आणि भरीत डब्यात भरून दिलं. सम्यका उठून बसली होती, डोळे चोळत, आणि त्याचं लक्ष बुटांच्या नाड्यांकडे असताना ती त्याच्या पिशवीशी काहीतरी करत होती. सकाळी साडेनऊला जळगावात उतरल्यावर त्याने फोन लावायला घेतला, तेवढ्यात पथकाची गाडी आली. अकराला तो एका छापखान्याच्या मीटरवर होता. बाराला लक्षात आलं की शाळा सुटली.

दुपारी त्याने डबा काढला तेव्हा झाकणावरून खाली उतरलेली लाल रेघ होती. ताजी, सरळ, सकाळच्या घाईत मारलेली वाटत नव्हती. त्याने झाकण उघडलं आणि सगळं खाल्लं, तळाला लागलेलं भरीत भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतलं. भरीत चांगलं झालं होतं. मग नळाखाली डबा विसळला, झाकण लावलं, आणि हाताने ते आपसूक फिरवलं, थोडं डावीकडे, केसभर उजवीकडे, दोन रेघा एकमेकींवर येईपर्यंत. काम झाल्यावर त्याला जाणवलं की आपण काय केलं. बारा वर्षं तो जे पकडत आला होता तेच, आणि स्वच्छ हाताने. असं का केलं हे त्याला सांगता आलं नसतं.

सात वाजता त्याने फोन लावला. पडद्यावर हनुवटी आणि पडलेला दात. ती जिन्याखाली गेली नव्हती, स्वैपाकघरातच होती. मागे पोळपाटावर लाटण्याचा आवाज येत होता. "पप्पा, रोशनी आज दुसऱ्या वर्गात गेली." ती हे गिरणीवाल्याचं दुकान सांगावं तसं म्हणाली. "मला माहीतच होतं. ती आधीपासून जाणार होती." तो म्हणाला, "बेटा, ऐक, आकडे आता नाही वाचायचे आपण. कधीच नाही. आणि तुला एक सांगायचंय, रोशनीबद्दल, ती काही..." "डबा खाल्ला?" तिने विचारलं. "हो. सगळा खाल्ला." "दाखवा." त्याने डबा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. ती एवढी जवळ आली की पडद्यावर फक्त एक डोळा उरला. तो डोळा रेघेवरून वरून खाली गेला आणि पुन्हा वर आला.

"तुम्ही खाल्लं नाही."

"अगं खाल्लं ना. नंतर झाकण लावलं. हे बघ." त्याने झाकण काढलं, विसळलेला रिकामा डबा तिरका करून दाखवला. आपला आवाज चढतोय हे त्याला ऐकू येत होतं. "खरंच खाल्लं. भरीत होतं, भाकरी होती, सगळं संपवलं."

"ते तुम्ही कुणाला तरी दिलं असेल," सम्यका म्हणाली. "रेघ तशीच होती."

लाटण्याचा आवाज थांबला होता. त्याला प्रज्ञा दिसत नव्हती, फक्त तिच्या हिरव्या गाऊनची बाही पडद्याच्या कडेला होती, आणि ती हलत नव्हती. तो त्या बाहीकडे बघत राहिला. तिने काहीतरी म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. पासष्ट संध्याकाळी, आणि त्याआधीच्या कितीतरी, ती जिथे उभी होती तिथे आता तो उभा होता.

"खाल्लं असेल गं त्यांनी," प्रज्ञाचा आवाज आला.

सम्यकाने मान वळवून आईकडे पाहिलं, मग परत फोनकडे. थोडा वेळ ती गप्प बसली, बरोबर तेवढाच वेळ.

"बरं," ती म्हणाली. "मी काही म्हणाले का?"